शंभर वेळां सांगितलें, एकदांच केलें

प्रयोगशाळेंत लंबकाच्या एका झोक्याचा काळ काढावयाचा असतां आपण एकच झोका मोजीत नाहीं; वीस झोक्यांचा काळ घेऊन त्यास विसांनीं भागतों. त्यायोगें घड्याळ दाबतांना होणारी चूक विसांत वांटली जाते. संगणकास दिलेल्या पदावलीचा वेळ काढण्यासही हीच रीत योग्य होय. कारण एका लहान गणनेस लागणारा काळ अतिशय अल्प असतो. परंतु हॅस्केल या भाषेंत ती जशीच्या तशी वापरल्यास मोजणारा फसतो. तो कसा, हें पाहूं.

हॅस्केल ही फंक्शनल वर्गांतील भाषा. तिचा पहिला आराखडा १९९० सालीं प्रसिद्ध झाला; तिला तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी (१९००–१९८२) यांचें नांव दिलेलें आहे. या भाषेंत कोणी मागितल्यावांचून पदावलीची किंमत काढली जात नाहीं. आणि नांव दिलेल्या पदावलीची किंमत एकदां काढली म्हणजे ती जपून ठेवली जाते.

समजा, १ पासून १०,००,००० पर्यंतच्या संख्यांच्या बेरजेस आपण ‘ब’ हें नांव दिलें. उत्तर ५,००,००,०५,००,००० येतें. आतां ‘ब’ शंभर वेळां मागितला, तर पहिल्या वेळीं बेरीज होते. उरलेल्या नव्याण्णव वेळीं तयार उत्तर पुढें केलें जातें. एकूण काळास शंभरांनीं भागल्यास एका बेरजेचा काळ खऱ्याच्या सुमारें शंभरावा हिस्सा दिसेल. उत्तर कोणींच मागितलें नाहीं, तर एकही बेरीज होणार नाहीं!

यावर उपाय दोन. पहिला, पदावलीस फलनाचें रूप देऊन शेवटची संख्या बाहेरून पुरवावी, म्हणजे गणना दर वेळीं नव्यानें होईल. मात्र आपली आज्ञा यंत्रभाषेंत उतरविणारा कंपायलर चतुर असतो. तीच गणना पुन्हां पुन्हां दिसल्यास ती एकदांच करून मोकळा होऊं शकतो. म्हणून ‘क्रायटेरियन’ या वेळ मोजण्याच्या साधनांत फलन व संख्या वेगवेगळीं द्यावीं लागतात. दुसरा उपाय, उत्तर पुरतें मागावें. उत्तर यादीच्या रूपाचें असल्यास साध्या मागणीनें तिचा केवळ आरंभ उलगडतो. बाकीची यादी तशीच राहते.

मापनाची परीक्षा सोपी आहे. आवृत्ति शंभराच्या दोनशें कराव्या; काळही सुमारें दुप्पट झाला पाहिजे. तसा न झाल्यास घड्याळास दोष देऊं नये. घड्याळ खरेंच सांगत असतें; तें कोणत्या कामाचा काळ सांगत आहे, हें पाहणें मोजणाराचें कर्तव्य होय.