धुलाई यंत्राखालची जमीन

कपडे धुण्याचे यंत्र धूत असते तोवर बरेच शांत असते. खरा गोंधळ सुरू होतो तो पिळताना. टब गरगर फिरू लागतो, यंत्र थरथरते, धडधडते, आणि काही घरांत तर ते इंचाइंचाने सरकत न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभे राहते. मग घरातली माणसे आपापल्या परीने उपाय करतात. कोणी पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालतो, कोणी विटेचा तुकडा, कोणी जुनी गोधडी. खानदेशात, विशेषतः तापीकाठच्या काळ्या जमिनीवरच्या घरांत, यात आणखी एका कोड्याची भर पडते. उन्हाळ्यात नीट चालणारे यंत्र पावसाळ्यात डुगडुगू लागते. यंत्र तेच, कपडे तेच, जागाही तीच. मग बदलले काय?

याचे उत्तर शोधण्याआधी एक प्रयोग करा. सायकल उलटी करून तिच्या बैठकीवर आणि हँडलवर उभी करा. मागचे चाक पेडलने जोरात फिरवा. सायकल जवळजवळ स्थिर राहील. आता एक फडके ओले करून चाकाच्या कडेजवळ, आऱ्यांमध्ये एकाच ठिकाणी घट्ट गुंडाळा आणि पुन्हा चाक फिरवा. बोटे मात्र आऱ्यांपासून दूर ठेवा. सायकल आता हिसके देऊ लागेल आणि वेग वाढवाल तसे हिसकेही वाढतील. फडक्याचे वजन फार तर पाव किलो. पण ते एकाच बाजूला आहे, आणि सगळा घोटाळा तेथेच आहे.

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला मध्याकडे ओढून धरावे लागते. या ओढीला केंद्रगामी बल म्हणतात. वस्तूचे वस्तुमान, वर्तुळाची त्रिज्या, दर सेकंदाच्या फेऱ्यांचा वर्ग आणि ३९.५ (म्हणजे ४ गुणिले पायचा वर्ग) यांचा गुणाकार केला की हे बल न्यूटनमध्ये मिळते. टबात कपडे सगळीकडे सारखे पसरले असतील, तर समोरासमोरच्या ओढी एकमेकींना छेद देतात आणि काहीच जाणवत नाही. पण एखादी जाड चादर गोळा होऊन एका बाजूला बसली, तर? समजा, एका बाजूचे जादा वजन पाव किलो आहे, त्रिज्या २५ सेंटिमीटर आहे आणि टब मिनिटाला १,२०० म्हणजे सेकंदाला २० फेऱ्या घेतो आहे. गुणाकार करा: ०.२५ × ०.२५ × ४०० × ३९.५. उत्तर सुमारे ९९० न्यूटन येते. म्हणजे पाव किलोचा ओला कपडा टबाला जवळजवळ १०० किलो वजनाइतक्या जोराने खेचतो, आणि तेही सेकंदाला वीस वेळा दिशा बदलून! वेग निम्मा, म्हणजे ६०० फेऱ्या केला, तर हाच जोर पाव होऊन २५ किलोवर येतो. वेगाचा वर्ग घ्यावा लागतो याचा अर्थ वहीत जेवढा समजत नाही तेवढा येथे समजतो.

हा सगळा जोर सरळ फरशीवर आला असता, तर कोणतेच यंत्र घरात ठेवता आले नसते. म्हणून टब पेटीला घट्ट जखडलेला नसतो. तो स्प्रिंगांवर किंवा दांड्यांवर लोंबकळत ठेवलेला असतो. स्वीडिश अभियंता गुस्ताफ द लाव्हाल याने १८८० नंतरच्या दशकात अतिशय वेगाने फिरणारे वाफेचे टर्बाइन बनवले. त्याचा दांडा त्याने जाड आणि ताठ न करता मुद्दाम बारीक व लवचीक ठेवला. लवचीक दांड्यावरचे चाक एका ठराविक वेगापर्यंत जोराने हलते. तो वेग ओलांडला की ते आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते आणि शांत होते. धुलाई यंत्राचा लोंबता टब याच तत्त्वावर चालतो.

तो ठराविक वेग कोणता? खानदेशातल्या मुलींना हे शिकवावे लागत नाही. आखाजीला झाडाला झोके बांधतात, तेव्हा झोका देणारी योग्य क्षणीच हात लावते. चार मीटर लांबीच्या दोराच्या झोक्याला एका हेलकाव्याला सुमारे चार सेकंद लागतात. त्याच तालात हलकेच ढकलत गेले की झोका चढतच जातो. भलत्या तालात कितीही जोर लावा, तो चढत नाही. प्रत्येक लोंबत्या किंवा लवचीक वस्तूचा असा एक स्वतःचा ताल असतो. त्याला स्वाभाविक वारंवारता म्हणतात, आणि बाहेरच्या धक्क्यांचा ताल तिच्याशी जुळून हेलकावे वाढणे म्हणजे अनुस्पंदन. बहुतेक यंत्रांत टबाचा ताल मिनिटाला दीडशे ते तीनशे फेऱ्यांच्या दरम्यान कोठेतरी येतो. म्हणूनच पिळणे सुरू होताना आणि संपताना यंत्र जास्त हलते, मध्ये पूर्ण वेगात असताना कमी. घरी घड्याळ घेऊन हे पाहा.

समोरून दार असलेल्या यंत्रांत आणखी एक गोष्ट असते, ती ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. टबाला सिमेंट काँक्रीटचे किंवा बिडाचे जड ठोकळे बांधलेले असतात. हलणारा भाग जेवढा जड, तेवढे पाव किलोचे फडके त्याला कमी हलवू शकते. टब ठोकळ्यांसह ५० किलोचा असेल, तर पूर्ण वेगात तो मध्यापासून साधारण सव्वा मिलिमीटरच सरकतो. हे यंत्र उचलताना दोन माणसे का लागतात, तेही आता कळेल. अशा नव्या यंत्राच्या मागे, वाहतुकीत टब हलू नये म्हणून लांब बोल्ट घातलेले असतात. ते काढायचे राहिले की टब पेटीला जखडलेलाच राहतो, आणि पहिल्याच दिवशी यंत्र घरभर नाचते. पाया कितीही चांगला असला तरी मग उपयोग नाही.

आता पायांकडे वळू. सायकल उलटी उभी केली तेव्हा ती डुगडुगली नाही. कारण ती तीन ठिकाणी टेकली होती: बैठक आणि हँडलची दोन टोके. तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात. चुलीला तीन दगड आणि तिवईला तीन पाय याच कारणाने पुरतात. यंत्राला मात्र चार पाय असतात आणि चौथा नेमका त्याच प्रतलात येईल याची हमी नसते. त्यातून न्हाणीघराची फरशी पाणी वाहून जावे म्हणून उताराची. यासाठी यंत्राचे पाय आट्यांचे असतात. ते फिरवून उंची कमीजास्त करा, यंत्राच्या माथ्यावर गवंड्याची पाणसळ आधी आडवी व मग उभी ठेवून पाहा. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन्ही टोके दोन कोपऱ्यांशी धरा. पाण्याची पातळी खोटे बोलत नाही. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. जराही खटखट झाली तर एक पाय अधांतरी आहे. शेवटी प्रत्येक पायावरचे कुलूपनट घट्ट करा. हे नट बहुतेक घरांत सैलच असतात, आणि हादऱ्याने पाय आपोआप फिरतात.

पायाखाली काय घालावे? पातळ, टणक रबर चांगले. ओल्या गुळगुळीत टाइल्सवर घर्षण फारच कमी असते. समोरून दार असलेल्या यंत्राचा टब आडव्या आसाभोवती फिरतो, त्यामुळे त्याचा जोर एका क्षणी यंत्राला वर उचलतो, दुसऱ्या क्षणी बाजूला ढकलतो. वर उचलले जाताना फरशीवरचा दाब कमी, म्हणून घर्षणही कमी. त्या क्षणी यंत्र किंचित सरकते. ते ‘चालते’ ते असे. रबर या सरकण्याला अडवते. पण जाड स्पंज, गोधडी किंवा पुठ्ठा नको. टबाला लोंबकळू द्यायचे ते पेटीच्या आत. पेटीच्या पायाखाली दुसरी स्प्रिंग लावली, तर तिचा स्वतःचा ताल तयार होतो आणि अनुस्पंदनाला आणखी एक जागा मिळते. उलटी सायकल एकदा फरशीवर आणि एकदा गोधडीवर ठेवून चाक फिरवा, फरक दिसेल. चाकांचे लोखंडी स्टँड झाडताना सोयीचे आहेत हे खरे. पिळताना मला ते मुळीच पसंत नाहीत.

जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी माडी असते. तिथे हे यंत्र नेऊच नये. समजा, माडीचा ताल सेकंदाला दहा आहे. तर टब मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आला की सगळी माडी झुलू लागेल. काँक्रीटच्या स्लॅबवर ठेवायचे तर खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईजवळच्या कोपऱ्यात ठेवावे. धुळ्यात किंवा शेजारच्या मालेगावात यंत्रमागांच्या गल्लीत उभे राहिलात, तर पायाखालची जमीन थरथरते. माग जमिनीवरच बसवण्याची रीत का पडली, हे तिथे तळपायाला कळते.

आणि आता ते पावसाळ्याचे कोडे. साक्रीच्या डोंगराळ भागात थोडे खणले की मुरूम किंवा खडक लागतो. पण चोपडा, यावल, रावेरकडे तापीच्या काठाने काळी माती खोल आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखालची मातीही हेच करते. बाहेरच्या भिंतीजवळची आधी भिजते, मधली नंतर. फरशीचा एक कोपरा काही मिलिमीटर उचलला जातो आणि मे महिन्यात सपाट असलेले यंत्र ऑगस्टमध्ये तीन पायांवर उभे राहते. यंत्राचे सांडपाणी एखाद्या तडकलेल्या सांध्यातून खाली मुरत असेल, तर पावसाचीही वाट पाहावी लागत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हे मोजून पाहा. काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळून घ्या. १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम माती टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे घालवा आणि चोवीस तास ठेवा. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, म्हणून त्यातली माती फुगत नाही. पाण्यातली माती समजा १८ मिलिलिटरपर्यंत आली आणि रॉकेलमधली १० वर राहिली, तर फुगवटा ८० टक्के झाला. स्थापत्य अभियंते जमिनीची परीक्षा याच रीतीने करतात. घराजवळची माती, शेतातली माती आणि नदीची वाळू अशा तीन नमुन्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा.

नवे घर बांधताना यंत्राची जागा आधीच ठरवली, तर काम सोपे होते. तेवढ्या जागेतली काळी माती दीड-दोन फूट काढून टाकावी. मुरूम वीतभर जाडीच्या थरांनी भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकावा. त्यावर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी या प्रमाणाचा ७५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १० सेंटिमीटर जाड ओटा घालावा. त्याचे वजन सुमारे १३५ किलो भरते, म्हणजे यंत्राच्या दुप्पट. माथा सपाट पण खरबरीत हवा, आणि कडेने बोटभर उंच काठ हवा, म्हणजे यंत्र सरकले तरी खाली पडणार नाही. जुन्या फरशीवर ओटा घालायचा तर आधी फरशीला टाचे मारून ती खडबडीत करावी. नाहीतर काँक्रीट फरशीला धरत नाही.

उन्हाळ्यात हे काम काढले, तर एक काळजी घ्यावी लागते. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सिमेंट कडक होते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने, सुकण्याने नव्हे. उन्हाने पाणी उडून गेले, तर क्रिया अर्धवट राहते आणि ओट्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो. ओल्या गोणपाटाने तो झाकावा आणि निदान सात दिवस ओला ठेवावा.

विजेबद्दलही सांगायला हवे. ओल्या जागेतल्या यंत्राला अर्थिंग असलेली तीन छिद्रांची जोडणीच पाहिजे. यंत्र सरकते तेव्हा वायर ताणली जाते, हेही लक्षात असू द्या. पाय फिरवण्याआधी बटण बंद करून पिन काढा आणि यंत्र कलते करण्यासाठी घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी, यंत्राच्या माथ्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा कोठे आहे ते वहीत टिपा. पुढे सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला टिपत राहा आणि शेजारी त्या पंधरवड्याचा पाऊस लिहा. दिवाळीच्या सुट्टीत दोन्हींचा आलेख काढला, की तुमच्या घराखालची माती कोणत्या जातीची आहे ते न खणता कळू लागेल.