स्मृती हरपलेल्या रुग्णाशी संवाद

आमच्याकडे दाखल असलेले एक वृद्ध गृहस्थ रोज तिन्हीसांजेला एकच प्रश्न विचारीत, "ही अजून कशी आली नाही?" त्यांच्या पत्नीचे निधन होऊन बराच काळ लोटला होता. प्रारंभी आम्ही त्यांना वस्तुस्थिती सांगितली. त्यांना रडू कोसळले. आणि दुसऱ्या सायंकाळी तोच प्रश्न पुन्हा आला. ते दुःख त्यांना दर वेळी नव्याने सोसावे लागत होते. पुढे परिचारिका त्यांच्याजवळ बसून विचारू लागली, "काका, काकूंची आठवण येते ना? त्यांच्या हातचं काय आवडायचं तुम्हाला?" मग ते पुरणपोळीविषयी बोलत आणि हळूहळू शांत होत.

स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण असलेल्या आजाराचे वर्णन जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्यात बहुधा अलीकडच्या घटना आधी पुसल्या जातात, जुन्या आठवणी अधिक काळ टिकतात. शब्दांचा अर्थ लागेनासा झाला, तरी आवाजातील माया किंवा त्रागा रुग्णाला जाणवतो.

म्हणून रुग्णाजवळ समोरून जावे, आपले नाव सांगावे आणि एका वेळी एकच गोष्ट बोलावी. "काय खाणार?" असे न विचारता "भात वाढू का?" असे विचारावे व उत्तरासाठी थांबावे. "ओळखलंत का मला?" अशी परीक्षा घेऊ नये. चष्मा व कर्णयंत्र जवळ ठेवावे. वेदना सांगता न आल्यास ती कपाळावरील आठ्यांतून, कण्हण्यातून किंवा जेवण नाकारण्यातून व्यक्त होते.

एक-दोन दिवसांतच गोंधळ वाढला, तर त्याचा दोष वयाला देऊ नये. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध हे त्याचे कारण असू शकते. डॉक्टरांना त्वरित कळवावे. वेळीच उपचार झाल्यास असा गोंधळ पुष्कळदा ओसरतो.

आप्तांना आमची विनंती आहे, की रुग्णास दाखल करताना एक चिठ्ठी द्यावी. घरी त्यांना काय म्हणून हाक मारतात, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते, एवढे त्यात असले तरी पुरे. "आई ओळखत नाही, मग भेटून काय उपयोग?" असे लेकी विचारतात. नाव आठवले नाही, तरी हातात घेतलेला हात आईला धीर देतो. भेटीला अवश्य यावे.