आधी श्वास बघा, मग थर्मामीटर
(आई-बाबांसाठी परीक्षेतले पाच प्रश्न)

मंडळी, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आमच्या घरात सध्या लहान मुलांच्या इमर्जन्सीच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. परीक्षा पत्नीची, आणि रोज रात्री कार्डं हातात घेऊन प्रश्न विचारायचं काम माझं. त्यातली बरीच कार्डं आपल्या कामाची नाहीत. काही मात्र अशी आहेत की ती डॉक्टरांच्या आधी आई-बाबांना पाठ हवीत, कारण पहिली पाच मिनिटं मुलाजवळ आपणच असतो. इथे सिंगापूरात हाक मारायला शेजारी आजी नाही, आणि दुपारी घरी बहुधा हेल्परच असते. म्हणून त्यातली पाच कार्डं इथे देतो आहे. उत्तरं पत्नीने तपासली आहेत.

प्रश्न १ : मोठ्यांच्या आणि मुलांच्या इमर्जन्सीत मुख्य फरक कोणता?

मोठ्या माणसात बहुतेक वेळा हृदय आधी बंद पडतं. मुलांत बहुधा उलट असतं. आधी श्वास अपुरा पडतो किंवा अंगातलं पाणी कमी होतं, आणि हृदय शेवटी थांबतं. शिवाय मुलाचं शरीर बराच वेळ निभावून नेतं. नाडी आणि श्वास जलद होतात, पण रक्तदाब टिकून राहतो. तो उतरला म्हणजे फार उशीर झाला असं समजतात. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर लोड वाढत असतो, तरी सर्व्हर चालू दिसतो आणि मग एकदम बसतो.

म्हणून डॉक्टर मुलाला हात लावायच्या आधी दारातूनच तीन गोष्टी बघतात. मूल नीट बघतं-बोलतं आहे की मलूल पडलं आहे? श्वास घ्यायला कष्ट होतायत का? रंग फिका किंवा निळसर झालाय का? हे बघायला डिग्री लागत नाही.

प्रश्न २ : श्वास जलद आहे हे कसं ठरवायचं?

मूल शांत असताना, रडत नसताना, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे :
• दोन महिन्यांच्या आतलं बाळ : ६० किंवा जास्त म्हणजे जलद
• दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त
• एक ते पाच वर्षं : ४० किंवा जास्त
श्वास जलद असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट उडत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा मूल कण्हत असेल, तर लगेच इमर्जन्सी.

या साध्या मोजणीचं मोल आपल्या महाराष्ट्राने दाखवून दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या लोकांना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला आणि गावातच औषध द्यायला शिकवलं. दाईंना मोठे आकडे मोजता येईनात, तेव्हा मण्यांचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. १९९० साली त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. काम झालेल्या ५८ गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते, आणि तुलनेच्या ४४ गावांत १७.५. म्हणजे निम्म्याहून कमी. आपल्या प्रत्येकाच्या खिशात तर सेकंदकाटा आहे!

प्रश्न ३ : तापात आकडी आली तर?

सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापामुळे आकडी येऊ शकते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. मुलाला जमिनीवर कुशीवर ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायची तर मुळीच गरज नाही. आकडी पहिलीच असेल किंवा पाच मिनिटांत थांबली नाही, तर ९९५. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर ३८ डिग्री ताप एवढंच कारण पुरे. आकडीची वाट न बघता रात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न ४ : घशात काही अडकलं तर?

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटत नसेल, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. त्याच्या पोटावर दाब देऊ नये. वर्षावरच्या मुलाच्या मागे उभं राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असा दाब देतात. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नका, ती आणखी आत जाते. मूल बेशुद्ध झालं तर सीपीआर सुरू करा आणि ९९५. दिवाळीच्या चिवड्यातले अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच, आणि द्राक्षं उभी चिरून द्या.

प्रश्न ५ : जुलाब-उलट्यांत नुसतं पाणी का पुरत नाही?

आतड्यात मीठ आणि साखर जोडीने आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. म्हणून ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, कमी नाही आणि जास्त नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्या. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, मूल सुस्त झालं, तर घरगुती उपाय बंद आणि हॉस्पिटल.

आता गृहपाठ. खऱ्या इमर्जन्सीत ९९५ ला फोन करायचा. अँब्युलन्सचे पैसे पडत नाहीत. फोन स्पीकरवर ठेवा, पलीकडचा माणूस सीपीआर कसा द्यायचा हे सांगत राहतो. ब्लॉक, मजला आणि युनिट नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि हेल्परला तो वाचून दाखवायला सांगा. सिंगापूर रेड क्रॉस आणि सिंगापूर हार्ट फाउंडेशन प्रथमोपचार आणि सीपीआरचे वर्ग घेतात. आई-बाबा दोघांनी आणि जमल्यास हेल्परनेही एकदा ते करावेत, कारण थाप किती जोरात मारायची हे वाचून कळत नाही, बाहुलीवर हात चालवूनच कळतं.

आणि आज रात्री मुलं झोपली की एक मिनिट त्यांचा श्वास मोजून ठेवा. नेहमीचा आकडा माहीत असेल, तरच वाढलेला ओळखू येईल.