खेचर : फौजेतला कष्टाळू गडी

खेचर हा एक कष्टाळू प्राणी आहे. त्याची आई घोडी आणि बाप गाढव असतो. त्याला आईची ताकद मिळते आणि बापाचे लांब कान मिळतात. खेचराला पुढं पिल्लं होत नाहीत. वर्गात कुणी अडून बसला की आपण त्याला 'खेचर' म्हणतो. पण खेचर का अडतं हे मला आत्ता कळलं.

आमचं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. इथली पुष्कळ माणसं फौजेत गेली. आमच्या आळीतले तात्या १९७० साली भरती झाले. ते ड्रायव्हर होते. मला वाटायचं ट्रक चालवत असतील. तात्या हसले आणि म्हणाले, "आरं, माझ्या गाडीला चार पाय हुते!" फौजेत खेचरवाल्यालाही ड्रायव्हरच म्हणायचे. पहिल्या महायुद्धात तर आपल्या देशातल्या जवानांनी त्या शब्दाचं 'द्राबी' करून टाकलं होतं.

जिथं रस्ता नाही तिथं ट्रक जात नाही. डोंगरावरच्या ठाण्यात पीठ, रॉकेल, गोळ्या खेचरावरूनच जायच्या. म्हणून ट्रेनिंग असायचं. मला वाटलं, पहिल्याच दिवशी ओझं लादायला शिकवत असतील. पण तात्या म्हणाले, आधी सेवा शिकवली. पहाटे उठून खरारा करायचा, चारी खूर उचलून त्यातले खडे काढायचे, नाल ढिली झाली का बघायची. आधी पाणी, मग चंदी. चंदी म्हणजे दाणा. खेचराचं झाल्यावर आपला चहा. मागून गेलं तर लाथ बसते, म्हणून नेहमी बोलत बोलत डाव्या बाजूनं जवळ जायचं.

मग लादणी. एका खेचरावर साधारण ७२ किलो ओझं. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, म्हणजे जवळजवळ दीड पोतं. दोन्हीकडं वजन सारखं पाहिजे. एकीकडं जास्त झालं की खोगीर सरकतं, पाठ सोलते, आणि कड्यावर तर खेचर ओझ्यासकट खाली जातं. तात्यांनी मला दप्तर एकाच खांद्यावर घेऊन पळायला लावलं. लगेच समजलं.

खेचराचंही ट्रेनिंग असतं. आवाजाला बुजू नये म्हणून आधी लांबून डबे वाजवायचे, रोज थोडं जवळ यायचं, मग बंदुकीचे बार. त्या वेळी तोंडापुढं चंदी धरायची. जुन्या काळी तोफसुद्धा खेचरावर जायची. ३.७ इंची डोंगरी तोफ सुटी करून ८ खेचरांवर लादत आणि वर नेऊन जोडत.

आता अडण्याचं. तात्या म्हणतात, पायाखालची जमीन भुसभुशीत वाटली की खेचर पाऊल टाकत न्हाई. मारलं तरी न्हाई. "मग आपुन वाकून बघायचं, वाट खचलीया का." म्हणजे तो हट्ट नाही, ती अक्कल आहे.

पेडोंगी नावाचं एक खेचर १९७१ च्या लढाईत शत्रूनं पकडलं होतं. ते मशीनगन आणि गोळ्यांच्या दोन पेट्या पाठीवर घेऊन आपल्या फौजेत परत आलं! १९८७ साली दिल्लीत त्याला निळ्या मखमलीची झूल घालून गौरव केला.

तात्या हवालदार होऊन रिटायर झाले. हवालदार हा शब्द शिवाजी महाराजांच्या घोडदळातही होता. २५ बारगिरांवर एक हवालदार. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकार देतं तो. २५ घोड्यांमागं एक नालबंद आणि पाण्याला एक पखालजी असे. म्हणजे घोड्याच्या खुराची आणि पाण्याची काळजी तेव्हापासून आहे.

बाईंनी सांगितलं ते मात्र वाईट वाटलं. इराकात कुट गाव आहे. तिथं ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत फौजेला वेढा पडला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य संपलं, तेव्हा घोडी आणि खेचरं मारून खायची वेळ आली. आपल्या पुष्कळ जवानांनी ते खायला नकार दिला, उपाशी राहिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. त्यांच्या आठवणीचा दगड तिथं आहे.

१५ जानेवारी २०२५ ला पुण्यात आर्मी डेची परेड झाली. त्यात चार पायांची यंत्राची खेचरं चालली. ती साधारण १५ किलो नेतात. मी तात्यांना मोबाईलवर दाखवली. तात्यांनी दोनदा बघितली आणि विचारलं, "पाय घसरला तर उठतंया का?" उठतं, मी बघितलं आहे.

तात्यांकडं त्यांचा जुना खरारा अजून आहे. रविवारी सकाळी ते घरी असतात. कुणाला बघायचा असेल तर माझ्याबरोबर या.