आधी बिजागरी उघडून बघ

हर्णै, ता. दापोली
कोजागरीनंतरचा मंगळवार

चि. मनू हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री ताईचा फोन आला. आधी दिवाळीला कोण कोण येणार, भाऊजींची शुगर किती, असं इकडचं तिकडचं झालं आणि मग ती गप्प झाली. ताई गप्प झाली की काय समजायचं, ते तुला मी सांगायला नको. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मनूनं त्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमधली सहा आठवड्यांची उमेदवारी नाकारली. सरांना तोंडावर सांगून आली म्हणे, की मी 2040 सालचा लॅपटॉप आखतेय, मोडक्या लॅपटॉपच्या बिजागऱ्या उघडून मला काय मिळणार? त्यावर आत्यानं कुठूनसं ऐकलेलं असं, की तू शिक्षण अर्ध्यावर सोडून भविष्यातल्या यंत्रांची चित्रं काढायला एका कंपनीत जाणार आहेस. आत्याचं निम्मं ऐकीव असतं, ते मी सोडून देतो. पण बिजागरीचं वाक्य तुझंच आहे, त्याला तुझा ठसका आहे. ते ऐकल्यापासून माझा डोळा लागलेला नाही.

त्याच बिजागऱ्या उघडून मी लॅमिंग्टन रोडवर तीस वर्षं काढली आणि त्यातूनच तुझी पहिल्या दोन वर्षांची फी गेली, एवढंच तुला आठवण म्हणून लिहितो.

तू घरच्या ग्रुपवर टाकलेलं चित्र मी मोठं करून चार वेळा पाहिलं. सुंदर आहे. काचेची एक पाटी, तीन मिलिमीटर जाडीची, कळ नाही, खाच नाही, कुठे सांधा नाही. अंधारात ती आपल्या जागी उजळते तसं तू दाखवलंयस. पण मनू, ती उघडायची कुठून? स्क्रू कुठे आहे? बॅटरी वापरा किंवा कपाटात ठेवा, तिचं वय व्हायचं ते होतंच. तीन-चार वर्षांनी ती फुगूही शकते. आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते टचपॅडची क्लिक होत नाही म्हणून. खालचं झाकण काढावं तर बॅटरी उशीसारखी फुगून टचपॅडला वर ढकलत असायची. तुझ्या पाटीत ती फुगली तर काचेखेरीज तिला ढकलायला दुसरं काहीच नाही. शिवाय इथली हवा तू ओळखतेस. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यानं दोन पावसाळ्यांत बोर्डावर हिरवा गंज चढतो, तो ब्रशनं आणि थिनरनं साफ करता येतो, पण आत हात पोहोचला तर. युरोपात तर आता कायदाच झालाय, की वापरणाऱ्याला स्वतःच्या हातानं बॅटरी काढता-घालता आली पाहिजे, आणि बहुतेक यंत्रांसाठी 18 फेब्रुवारी 2027 ही तारीख ठरवलीय. तू 2040 चं आखतेस आणि तुझी पाटी 2027 लाच अडते.

हे तुला त्या टेबलावर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. सहाच आठवडे होते ग.

बिजागरीला तू जुनी गोष्ट म्हणतेस. बिल मॉग्रिजनं 1982 च्या ग्रिड कंपास यंत्राला पडदा कीबोर्डवर मिटवायची जी रीत दिली, तीच आज जगातल्या जवळपास प्रत्येक लॅपटॉपला आहे. आणि पुढे जे येतंय तेही बिजागरीवाचून येत नाहीये. 2020 साली लेनोव्होचा घडी होणाऱ्या पडद्याचा लॅपटॉप आला. 2025 साली त्यांनीच गुंडाळीच्या पडद्याचा दाखवला, बटण दाबलं की 14 इंचांचा पडदा वर सरकत 16.7 इंचांचा होतो. या सगळ्यांचा जीव कशात आहे? वाकणाऱ्या, सरकणाऱ्या, हजारो वेळा हलणाऱ्या त्या सांध्यात. साधी बिजागरी घे. ती इतकी घट्ट हवी की लोकलमध्ये टाइप करताना पडदा डुलू नये, आणि इतकी सैल हवी की एका बोटानं पडदा उघडावा आणि खालचा भाग उचलला जाऊ नये. तिचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेल्या पितळी बुशांत असतात. ग्रीस सुकलं, बिजागरी जड झाली की प्रत्येक उघडझाकीला ती त्या बुशांना ओढते, आणि एक दिवस कोपराच तडकतो. पडद्याची केबल त्याच अरुंद जागेतून जाते, ती तुटली की पडद्यावर रेघा. तुझे सर तुला ज्या टेबलावर बसवत होते, त्या टेबलावर पुढच्या वीस वर्षांचं कोडं उघडं पडलेलं आहे. आणि तू म्हणालीस, मला काय मिळणार.

बरं, माझं ऐकू नकोस. तुझ्या पाटीचे जे मूळपुरुष, त्यांचं ऐक. अ‍ॅलन के यांना 1968 मध्ये लहान मुलांसाठीच्या, काखेत मारून नेता येईल अशा संगणकाची कल्पना सुचली. पुढे तिचं नाव डायनाबुक झालं, 1972 साली त्यांनी तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला. ते यंत्र बनवण्याजोगं तेव्हा काहीच अस्तित्वात नव्हतं, ना तसा सपाट पडदा, ना तशी बॅटरी. तुझ्यासारखंच ते निव्वळ भविष्य होतं. पण त्यांनी नुसतं चित्र काढलं नाही. पुठ्ठ्याचा नमुना केला आणि त्यात शिशाच्या गोळ्या ओतून, हातात धरून पाहिलं, की मुलाला किती वजन पेलेल. उत्तर आलं दोन पौंडांच्या आत, म्हणजे नऊशे ग्रॅम. हे वाचलं तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो.

आयबीएमचे जॉन कॅरिडिस यांना उघडताच दोन्ही बाजूंना पसरणारा कीबोर्ड सुचला तो लेकीचे लाकडी ठोकळे पाहून. 1995 साली तो थिंकपॅड 701 मध्ये आला. पुढे पडदेच रुंद झाले आणि त्याची गरज संपली, तो भाग वेगळा. पण ठोकळे हातातले होते.

आणि त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपची गोष्ट तर आपल्या रायगड जिल्ह्यातली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’वाल्यांनी 2007 साली तिथल्या एका वाडीतल्या छोट्याशा शाळेत पोरांच्या हातात ते यंत्र दिलं. मेरी लू जेप्सन यांनी त्याचा पडदा असा केला होता की भर उन्हातही अक्षरं वाचता येत. कळांवर रबराचं सलग आवरण, धूळपाणी आत जाऊ नये म्हणून. पोरांनीच ते उघडावं अशी सोय, जादाचे स्क्रू यंत्राच्या मुठीतच ठेवलेले. त्या योजनेवर टीका पुष्कळ झाली आणि शिक्षणाबद्दलची बरीचशी बरोबरही होती, तरी ते यंत्र मला आजही आवडतं. त्याच लोकांनी 2008 मध्ये पुढचं चित्र दाखवलं, दोन पडद्यांचं, पुस्तकासारखं उघडणारं, कळांशिवायचं, डोळे दिपवणारं. ते कधी बनलंच नाही. तुझं चित्र पाहिलं तेव्हा मला तेच आठवलं, आणि भीती वाटली.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती लिहायची की नाही याचा दोन दिवस विचार करतोय. ताईला अर्धी ठाऊक आहे, तुला मुळीच नाही.

आजोबांची शब्दांची ती वही तू पाहिलीयस, देवघराच्या फडताळातली. चाळीस वर्षं शाळा शिकवताना खाडीकाठच्या माणसांकडून ऐकलेले शब्द ते त्यात अकारविल्हे लिहीत होते. वाऱ्यांची नावं, माशांची, होडीच्या भागांची, भांग आणि उधाण. 1999 च्या सुमाराला त्यांचा हात थरथरायला लागला. अक्षर लागेनासं झालं. मी गणपतीला आलो तेव्हा म्हणाले, तुझ्याकडे एवढी यंत्रं दुरुस्तीला येतात, एखादं जुनंपुरानं मला दे, बोटानं एकेक अक्षर दाबीन. मी म्हणालो, अण्णा, थांबा थोडं. आत्ताची जड आहेत, तुम्हाला मांडीवर पेलायची नाहीत. पुढच्या वर्षी हलकी येतील.

पुढच्या वर्षीही तेच म्हणालो. मग 2001 च्या नोव्हेंबरात बिल गेट्स यांनी अमेरिकेतल्या मोठ्या प्रदर्शनात टॅब्लेट पीसी दाखवला आणि भाकीत केलं, की पाच वर्षांत तिथे सर्वांत जास्त खपणारा पीसी हाच असेल. मी ते वाचलं आणि हरखलो. पडद्यावर पेननं लिहायचं! मी कात्रण घेऊन गावी आलो, आजोबांना दाखवलं, कागदावर त्याचं चित्र काढून दिलं. त्यात मी माझ्याही कल्पना घातल्या, थरथरता हात ओळखणारं पेन, शब्द आपोआप लावणारी वही. तासभर बोलत होतो. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, पाच वर्षं म्हणजे 2006.

2004 च्या श्रावणात ते गेले. टॅब्लेटची लाट आली ती 2010 मध्ये, आयपॅडनं, आणि तीही बोटानं चालणारी.

मनू, त्या सगळ्या वर्षांत माझ्या दुकानाच्या वरच्या फळीवर एक चालता लॅपटॉप पडून होता. गिऱ्हाईक न्यायला आलंच नव्हतं, मी जुन्या बॅटरीच्या जागी दुसरी घालून तो चालू केला होता. देवनागरी टायपिंग तेव्हा होत होतं. अक्षरं पडद्यावर बोटाएवढी मोठी करता येत होती. थरथरत्या बोटांसाठी कीबोर्डवर भोकं पाडलेली पट्टी बसवतात, बोट भोकात टेकतं आणि शेजारची कळ दाबली जात नाही. प्लायवूडची ती पट्टी मला एका दुपारी करता आली असती. मांडीवर पेलला नसता तर ओसरीवरचं शाळेचं मेज होतं. मला हे येत नव्हतं असं नाही. मी त्यांच्या हाताकडे बघितलंच नाही. माझी नजर येणाऱ्या यंत्रावर होती.

वही ‘प’मध्ये थांबलीय. शेवटचं लागतं ते अक्षर ‘पाग’ या शब्दापाशी. त्याखाली थरथरत लिहिलंय: हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. ‘फ’पासून पुढे सगळी पानं कोरी आहेत.

म्हणून तुझं ते वाक्य मला लागलं. तू स्वप्न बघतेस याचं मला वाईट वाटत नाही. आपल्या घरात स्वप्नं बघणारी माणसं कमी झाली, तू एक आहेस. मला भीती वाटते ती एवढीच, की पुढचं बघता बघता समोर बसलेलं माणूस तुझ्या नजरेतून सुटेल, जसं माझ्या नजरेतून सुटलं. त्या वर्कशॉपमध्ये तुला नुसत्या बिजागऱ्या दिसणार नाहीत. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप घेऊन आलेली पोरगी दिसेल, जिची उद्या परीक्षा आहे. पडद्याजवळ नाक नेऊन आकडे वाचणारे दुकानदार दिसतील. कुणाची बोटं जाड, कुणाला एकच हात. 2040 साली यंत्र कसंही असो, धरणारी बोटं हीच असणार आहेत.

फीचं वर लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. ते लिहायला नको होतं, पण पत्र पुन्हा उतरून काढायला बसलो तर पुढचं लिहायचा धीर राहणार नाही. तुझी फी मी भरली ती तुझी आई माझ्या मुंबईच्या खोलीचं भाडं दोन वर्षं पाठवत होती म्हणून, आणि तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून. लहानपणी दुकानात आलीस की स्क्रूंच्या डब्या आकारानुसार लावून ठेवायचीस, चुकलेला एक स्क्रू हातात घेऊन अख्खं दुकान पालथं घालायचीस. तीच मनू बिजागरीला नावं ठेवते, हे माझ्या मनाला पटत नाही. बहुतेक तू घाबरलीयस. परदेशातल्या स्पर्धेत चित्राचं कौतुक झालं, आता ते यंत्र खरंच होईल का याची धास्ती पडली असेल, आणि त्या टेबलावर बसलं की उत्तर ‘नाही’ येईल असं वाटत असेल. येऊ दे. मग चित्र बदल. तुझ्यात तेवढी धमक आहे, मी पाहिलीय.

सरांना एकदा फोन कर. चुकलं म्हण, ते काही खाऊन टाकणार नाहीत. जागा गेली असेल तर दिवाळीत सरळ इकडे ये. माझं टेबल ओसरीवर लावलंय, दिवाही चांगला आहे. शेजारच्या शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप आलाय, डावी बिजागरी तडकलेली. त्यांना घाई नाही, तू येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. आणि तुझ्या पाटीची मापं लिहून आण. पुठ्ठा इथे आहे, कात्री आहे. बंदरावरच्या जाळ्यांच्या दुकानातून पागाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या किलोभर आणून ठेवल्या आहेत.

तुझा,
मामा