खडबडीत छत आणि गुळगुळीत गिलावा

ओबडधोबड वस्तू दिसली की ती खरवडून साफ करावी असे आपणांस वाटते. परंतु कधी कधी ती झाकणे हेच शहाणपणाचे ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील अनेक घरांच्या छतांना ‘आर्टेक्स’ नामक जाड लेप देऊन त्यावर फणीने लाटा व वर्तुळे उमटवीत असत. बळकटीसाठी त्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळले जात. आज तेथील गृहस्थांना सपाट छत हवे असते. मात्र लेप खरवडताच सूक्ष्म तंतू हवेत उडतात, श्वासावाटे फुप्फुसांत रुततात आणि कित्येक दशकांनंतर कर्करोगासारखी व्याधी उद्भवू शकते. ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. पण जुनी छते तशीच राहिली.

यावर उपाय कोणता? प्रथम तज्ज्ञाकडून लेपाची परीक्षा करवावी. लेप घट्ट असल्यास तो न खरवडता त्यावर चिकट अस्तर द्यावे व नंतर जिप्समच्या गिलाव्याचे दोन पातळ थर चढवावेत. भाजलेले जिप्सम पाणी शोषून घेते, त्याचे स्फटिक परस्परांत गुंततात आणि थर कठीण होतो. मूळ लेप सुटत असेल, तर नव्या थराच्या भाराने दोन्ही कोसळतील. आत काय दडले आहे, याची नोंदही ठेवावी. नाहीतर पुढे कोणी अजाणता तेथे भोक पाडील.

आपल्याकडील पडवीवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांतही बहुधा हेच तंतू असतात. ते फोडू नका. कोणी कापीत असल्यास दूर राहा.