पहिली ऐरण : निवड आणि शब्दार्थ

मराठीच्या वर्गात ‘प्रश्न ऐरणीवर येणे’ हा वाक्प्रचार मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाही. अर्थही ठरलेला : एखादी बाब तातडीने विचारात घेतली जाणे. तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ऐरण म्हणजे नेमकं काय?” मी ‘निहाई’ असे उत्तर दिले. भोपाळमध्ये वाढलेल्या मराठी मुलांना हिंदी प्रतिशब्द दिला की काम भागते, असा माझा समज होता. तिने निहाईही पाहिलेली नव्हती. खरे सांगायचे, तर हातोडा घेऊन ऐरणीसमोर मीही कधी उभा राहिलो नव्हतो. या संकोचापोटी आनंद नगरातल्या घराच्या मागच्या अंगणात छोटी भट्टी मांडायचे ठरवले आणि पहिला प्रश्न उभा राहिला : ऐरण कोणती घ्यावी?

शब्दाचे मूळ

‘ऐरण’ हा शब्द संस्कृत ‘अधिकरणी’वरून आला आहे. पालीत ‘अधिकरणी’, जैन प्राकृतात ‘अहिगरणी’, पंजाबीत ‘अहरण’, गुजरातीत ‘एरण’, असा त्याचा विस्तार आहे. हिंदीत ‘अहरन’ आहे, पण रोजच्या व्यवहारात ‘निहाई’च चालते. अधिकरण म्हणजे जिच्या आधारावर क्रिया घडते ती जागा. व्याकरणात सप्तमीचा मुख्य अर्थ हाच. म्हणजे ‘ऐरणीवर’ या शब्दात अधिकरण दोनदा आले आहे, एकदा शब्दात आणि एकदा ‘वर’ या शब्दयोगी अव्ययात. ऐरण ही लोहारशाळेची सप्तमी आहे. निवडीचा निकषही यातूनच मिळतो : क्रिया झेलण्याची ताकद आधारात आहे की नाही?

पहिली चूक

हा निकष कळण्याआधीच मी खरेदी उरकली होती. हिरव्या रंगाची, शिंगाची, चित्रातल्यासारखी दिसणारी ऐरण एका दुकानातून आणली. ‘पोलादी आहे’ असे सांगितले गेले आणि मी विश्वास ठेवला. दुसऱ्याच महिन्यात तिचा कोपरा खपलीसारखा उडाला. आतला भाग करडा, रवाळ दिसला. ती बिडाची होती.

रायसेन रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका गाडिया लोहार कुटुंबाला तो तुकडा दाखवला. त्या घरातल्या बाई घण चालवतात, पुरुष सांडशीत लोखंड धरतो. बाईंनी तुकडा पाहिलाही नाही. ऐरणीचा आवाज कसा येतो, एवढेच विचारले. मी म्हणालो, ‘थप्’. त्या हसल्या. त्यांची स्वतःची ऐरण म्हणजे जमिनीत पुरलेल्या लाकडात ठोकलेला, ना शिंग ना भोक असलेला एक चौकोनी ठोकळा. त्यावर हातोडी टेकवताच घंटेसारखा नाद आला.

धातूची पारख

मराठीत लोखंडाचे भेद नेमके आहेत. बीड म्हणजे ओतीव, कर्बाचे प्रमाण २ टक्क्यांहून जास्त असलेले, दाबाला टिकणारे पण घावाला ठिसूळ. पोलादात कर्ब त्याहून कमी. त्याला पाणी देता येते, म्हणजे तापवून विझवून कठीण करता येते. लक्षात ठेवायचे ते हे की ‘ओतीव’ हा शब्द दोष दाखवत नाही. ओतीव पोलादाची ऐरण उत्तम असते, ओतीव बिडाची नसते.

पारखण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली नादाची, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. बिडाच्या धडावर पोलादी माथा बसवलेल्या काही चांगल्या ऐरणीही मुक्या असतात. दुसरी उसळीची. बेअरिंगमधली पोलादी गोळी २५ सेंमी उंचीवरून माथ्यावर सोडावी. ती १८ सेंमी किंवा त्याहून वर आली, तर माथा कठीण आहे. बिडावर ती निम्म्याच्या आसपास किंवा खालीच राहते. माथ्यावर चार-पाच ठिकाणी गोळी सोडून पाहावी.

तुकोबांच्या एका अभंगात हिऱ्याची पारख ऐरणीवर, घणाखाली होते. दृष्टान्त म्हणून तो अचूक आहे. धातुशास्त्र मात्र सांगते की हिरा कठीण असला, तरी घावाने तडकू शकतो. कठीणपणा वेगळा, चिवटपणा वेगळा. ऐरणीला दोन्ही लागतात : माथा कठीण, धड चिवट.

वजन, उंची आणि रुळाचा तुकडा

वजनाचा ढोबळ ठोकताळा असा की ऐरण हातोड्याच्या पन्नासपट असावी. १ किलोच्या हातोड्याला ५० किलोची ऐरण. घरगुती कामाला ३० किलोही चालते, पण ती जड ओंडक्याला घट्ट बांधलेली हवी. ऐरण हलली, तर घावाची शक्ती हलण्यात जाते.

कमी खर्चाचा मार्ग म्हणजे रेल्वे रुळाचा तुकडा. आपल्याकडचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो वजनाचे असतात आणि पोलाद चांगले असते. तुकडा आडवा न ठेवता उभा करावा, म्हणजे सगळे वजन घावाच्या थेट खाली येते. मात्र तो पावतीसह, अधिकृत भंगारातूनच घ्यावा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे. मी शेवटी असाच तुकडा घेतला आणि बाभळीच्या ओंडक्यात उभा बसवला.

उंचीचा नियम : ताठ उभे राहून हात खाली सोडावा, मुठीची बोटे जिथे येतात तिथे माथा हवा. आपले लोहार परंपरेने बसून काम करतात, म्हणून त्यांची ऐरण जमिनीलगत असते. पन्नाशीतल्या गुडघ्यांनी मला उभे राहायला लावले. शेजाऱ्यांसाठी ऐरणीला साखळी गुंडाळली, नाद बराच कमी झाला. डोळ्यांवर चष्मा हवाच. रिकाम्या माथ्यावर हातोडा जोराने मारू नये, कपची उडते. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड तापवू नये, त्याचा धूर बाधतो.

पुन्हा वाक्प्रचाराकडे

आता अर्थ बदलला नाही, खोल गेला. लोखंड लालकेशरी झाल्याशिवाय ऐरणीवर येत नाही आणि आल्यावर हाताशी मोजके क्षण असतात. काळवंडलेल्या लोखंडावर घाव घातला, तर ते तडकते. म्हणून ‘ऐरणीवर’मध्ये दोन अटी आहेत : आधीची तयारी आणि आत्ताची घाई. वर्तमानपत्रांत ‘प्रश्न पुन्हा ऐरणीवर’ असे छापून येते, तेव्हा बहुधा ‘पुन्हा चर्चेत’ एवढेच म्हणायचे असते. लोहारशाळेत ‘पुन्हा ऐरणीवर’ याचा अर्थ मधल्या काळात लोखंड पुन्हा भट्टीत गेले होते. न तापवता परत आणलेला प्रश्न थंडच असतो.

यंदा खंडेनवमीला त्या रुळाच्या तुकड्याला हळदकुंकू वाहिले. ती विद्यार्थिनी आली होती. तिने एक खिळा तापवून आकडा वळवला, तिसऱ्या तापात जमला. मग वहीत तिने वाक्प्रचाराचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहिला : “आत्ता नाही घडवलं, तर पुन्हा तापवावं लागेल.” माझ्या फळ्यावरच्या अर्थापेक्षा तो बरा आहे.

स्वाध्याय

१. घाव, घण, भाता, सांडस, पाणी देणे यांपैकी तीन शब्दांचे लोहारशाळेतले आणि लाक्षणिक अर्थ लिहा.
२. ‘घडीव’ आणि ‘ओतीव’ ही विशेषणे गद्यशैलीला लावून प्रत्येकी एक उदाहरण द्या.
३. आपल्या गावात किंवा वस्तीत ऐरण कुठे आहे ते शोधा. तिचा आवाज ऐकून यावे आणि मगच वाक्प्रचार वाक्यात वापरावा.